पीएलसीमधील क्रमिक संदेशवहन : स्पंज आयर्न उद्योगातील प्रदूषण नियंत्रणाचा दुर्लक्षित दुवा

रायपूर शहरातून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की शहराची वस्ती संपते न संपते तोच बीरगांव लागते. एके काळी खेडे असलेल्या या गावाला आज स्वतंत्र महानगरपालिका आहे. गावाला लागूनच उर्ला औद्योगिक क्षेत्र असून त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर सिलतरा औद्योगिक क्षेत्र येते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्याची निर्मिती झाली त्या सुमारास स्पंज आयर्न, फेरो अलॉय आणि रोलिंग मिल यांचा येथे झपाट्याने विस्तार होत होता. लोहखनिज आणि कोळसा दोन्ही राज्यातच उपलब्ध, हावडा–मुंबई लोहमार्ग जवळ, पोलादाची बाजारपेठ वाढती. उद्योग येथे यावेत हे स्वाभाविकच होते. त्यांच्याबरोबर धूळही आली. घरांच्या गच्च्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी ही या पट्ट्यातील रहिवाशांची जुनी तक्रार आहे.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक समूहांचा सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्रातील चंद्रपूर सर्वाधिक प्रदूषित अशा ४३ समूहांच्या गटात होते, तर रायपूर त्याखालच्या गटात होते. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी हा निर्देशांक, १९८१ चा वायू कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांचा अभ्यास करतात. परंतु कायद्याने ठरविलेली मर्यादा आणि चिमणीतून प्रत्यक्ष बाहेर पडणारा धूर यांच्यामध्ये नेमके काय असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. तेथे नियंत्रण कक्षातील एक लोखंडी कपाट असते, त्या कपाटात प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजेच पीएलसी असतो आणि त्याला इतर यंत्रांशी जोडणाऱ्या दोन बारीक तारा असतात. या तारांवरून होणारे क्रमिक संदेशवहन, ज्याला कारखान्यात ‘सिरीयल कम्युनिकेशन’ असे म्हणतात, योग्य रीतीने जुळविले आहे की नाही यावर कायद्याची अंमलबजावणी बऱ्याच अंशी अवलंबून असते.

भट्टी, धूळ आणि अवक्षेपक

कोळशावर आधारित स्पंज आयर्न उद्योगात लोहखनिज, कोळसा आणि डोलोमाइट एका किंचित तिरक्या, फिरत्या नळकांडी भट्टीत घातले जातात. सुमारे एक हजार ते अकराशे अंश सेल्सिअस तापमानाला खनिजातील ऑक्सिजन निघून जातो आणि सच्छिद्र लोह उरते. भारतात या पद्धतीचा पहिला व्यापारी कारखाना १९८० मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील पालोंचा येथे सुरू झाला. पुढे २००० नंतरच्या दशकात भारत जगातील सर्वांत मोठा स्पंज आयर्न उत्पादक देश बनला. विदर्भातील वाचकांना घुग्घुसच्या भट्ट्यांमुळे हा उद्योग परिचित आहेच.

भट्टीतून निघणारा वायू धुळीने भरलेला असतो. धूळ खाली बसविणारा कक्ष, उरलेले ज्वलनशील वायू जाळणारा कक्ष, उष्णता शोषून घेणारा बॉयलर किंवा वायू थंड करणारा मनोरा अशा टप्प्यांतून तो स्थिरविद्युत अवक्षेपकात येतो. या यंत्राला कारखान्यात सर्वजण ईएसपी म्हणतात. त्यात काही दशसहस्र व्होल्टचा दाब दिला जातो. धुळीचे कण विद्युतभारित होऊन पट्ट्यांना चिकटतात आणि ठोके देऊन ते खाली पाडले जातात. ईएसपी चालू असेल तर चिमणीतून जवळजवळ काहीच दिसत नाही. बंद पडला तर काही क्षणांत काळा किंवा तांबूस लोट दिसू लागतो.

तो बंद का पडतो, याची उत्तरे निरनिराळी आहेत. वीज वाचविण्यासाठी रात्री ईएसपी बंद ठेवला जातो, असा आरोप अशा औद्योगिक पट्ट्यांतून वारंवार होत आला आहे. पण प्रत्येक वेळी हेतू वाईट असतोच असे नाही. वायूतील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण वाढले तर ठिणगीने स्फोट होण्याचा धोका असतो आणि म्हणून ईएसपीचा वीजपुरवठा आपोआप तोडला जातो. अशा वेळी भट्टीच्या तोंडाकडील आपत्कालीन झाकण उघडले की न गाळलेला वायू थेट आकाशात जातो. कारण कोणतेही असो, बीरगांवच्या गच्चीवर पडणारी धूळ तीच असते.

नियमातील एक महत्त्वाची अट

केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने ३० मे २००८ रोजी स्पंज आयर्न उद्योगासाठी स्वतंत्र मानके अधिसूचित केली. कोळशावर आधारित भट्टीच्या चिमणीतील धूलिकणांची मर्यादा प्रति सामान्य घनमीटर १०० मिलिग्रॅम ठेवण्यात आली. परीक्षेच्या दृष्टीने बहुतेक विद्यार्थी हा आकडा पाठ करून पुढे जातात. वास्तविक त्याच्या जोडीने आलेली कार्यपद्धतीची अट अधिक अभ्यासण्याजोगी आहे. आपत्कालीन झाकण उघडले किंवा ईएसपी चालू नसला तर भट्टीला कच्चा माल पुरविणारा पट्टा आपोआप थांबला पाहिजे, त्यासाठी संयंत्राच्या नियंत्रण प्रणालीतील प्रत्यक्ष वेळेच्या माहितीवर चालणारी, सॉफ्टवेअर-नियंत्रित ‘इंटरलॉक’ व्यवस्था असली पाहिजे आणि ती निष्फळ करता येऊ नये म्हणून एकापेक्षा अधिक घटकांचा परस्परसंबंध तपासला गेला पाहिजे, असा या अटीचा आशय आहे.

ही अट पर्यावरणविषयक नियमांत काहीशी वेगळी म्हणावी लागेल. सामान्यतः नियम ‘इतक्याहून अधिक प्रदूषण करू नये’ एवढेच सांगतो आणि मोजणी नंतर होते. येथे नियमाने आपला एक भाग यंत्राच्या तर्कातच बसविला आहे. निरीक्षक रात्री दोन वाजता तेथे नसतो, पण पीएलसी असतो. ईएसपी बंद पडल्यास माल थांबविण्याचे काम त्यालाच करावयाचे आहे आणि त्यासाठी ईएसपी खरोखर चालू आहे की नाही हे त्याला कळले पाहिजे.

ते कळावे कसे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ईएसपीच्या स्विचवरून एक तार आणून ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढीच खूण पीएलसीला देणे. परंतु स्विच चालू असूनही विद्युतदाब इतका कमी ठेवता येतो की धूळ पकडली जाणार नाही. दाब किती, प्रवाह किती, ठोके देणारी यंत्रणा चालते की नाही, स्वतंत्र वीजमापक किती वीज नोंदवितो, हे सर्व आकडे एकत्र पाहिले तरच फसवणूक अवघड होते. इतक्या आकड्यांसाठी प्रत्येकी वेगळी तार ओढण्याऐवजी एकाच जोडतारेवरून, एकामागून एक, ते सर्व आणता येतात. क्रमिक संदेशवहनाची गरज येथे निर्माण होते.

पीएलसी आणि त्याची भाषा

पीएलसीचा जन्म मोटार उद्योगात झाला. १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या मोठमोठ्या कपाटांना पर्याय हवा होता. गाडीचे नवे मॉडेल आले की ती कपाटे नव्याने जोडावी लागत. डिक मॉर्ली यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेने त्यासाठी जे यंत्र तयार केले ते तिचा ८४ वा प्रकल्प होता. म्हणून त्याला ‘मॉडिकॉन ०८४’ असे नाव पडले. पीएलसी एका ठराविक चक्रात काम करतो. बाहेरील खुणा वाचतो, स्मृतीतील तर्क क्रमाने तपासतो, निर्णय बाहेर पाठवितो आणि पुन्हा आरंभापासून सुरू करतो. हे चक्र सहसा काही मिलिसेकंदांचे असते.

१९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीनेच आपल्या नियंत्रकांसाठी ‘मॉडबस’ नावाची संदेशपद्धती प्रसिद्ध केली. तिचा आराखडा खुला राहिल्यामुळे ती जगभर पसरली. वीजमापक, तापमापक, ईएसपीचे नियंत्रक, चिमणीतील धूलिमापक अशी नाना कंपन्यांची यंत्रे आजही ती बोलतात. संदेशाची भाषा आणि तो वाहून नेणारी तार या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. तारेची विद्युत मानके निराळी आहेत. १९६० मध्ये आलेले आरएस-२३२ हे मानक दोनच यंत्रांसाठी आणि सुमारे १५ मीटरपर्यंतच्या अंतरासाठी उपयुक्त ठरले. १९८३ मध्ये आलेल्या आरएस-४८५ ने पीळ दिलेल्या तारांच्या एकाच जोडीवर प्रमाणित भाराची ३२ यंत्रे आणि सुमारे १,२०० मीटर अंतर शक्य केले. स्पंज आयर्न कारखान्यात ईएसपी, चिमणी आणि नियंत्रण कक्ष एकमेकांपासून शेकडो मीटर दूर असतात. तेथे आरएस-४८५ च योग्य ठरते.

दोन यंत्रांचा करार

क्रमिक संदेशवहनात माहितीचे बिट एकाच वाटेने एकामागून एक जातात. ऐकणाऱ्याला प्रत्येक बिट कोठे सुरू होतो हे सांगणारी वेगळी तार नसते. म्हणून वेग आधीच ठरलेला असावा लागतो. ९,६०० बिट प्रतिसेकंद हा वेग फार प्रचलित आहे. प्रत्येक अक्षराच्या आरंभी एक बिट, मग माहितीचे आठ बिट, त्यांच्यामागे समतेचा, म्हणजे पॅरिटीचा एक बिट आणि शेवटी थांब्याचा एक बिट, असे मिळून अकरा बिट होतात. पॅरिटी ‘सम’ ठेवली तर एकांची एकूण संख्या सम राहील अशा रीतीने तो बिट भरला जातो. त्यामुळे वाटेत एखादा बिट उलटला तर चूक पकडली जाते. मॉडबसच्या मानकानुसार पॅरिटी वगळायची असेल तर थांब्याचे दोन बिट ठेवावेत, जेणेकरून अकराची बेरीज कायम राहते. अनेक यंत्रे मात्र दहाच बिटांवर सोडलेली आढळतात आणि जोडणीचा पहिला घोटाळा येथेच होतो.

पीएलसीच्या पोर्टवर वेग, माहितीचे बिट, पॅरिटी आणि थांब्याचे बिट या चार गोष्टी समोरच्या यंत्राशी तंतोतंत जुळल्या नाहीत तर संवाद होतच नाही. असा दोष त्यातल्या त्यात बरा. काहीच येत नाही, म्हणून तो लपून राहत नाही.

यानंतर प्रत्येक यंत्राला १ ते २४७ मधील एक पत्ता द्यावा लागतो. मॉडबसमध्ये प्रश्न विचारणारा एकच असतो. बाकीची यंत्रे विचारल्याशिवाय बोलत नाहीत. जुन्या पुस्तिकांत त्यांना मास्टर आणि स्लेव्ह असे म्हटलेले आढळते. २०२० पासून मॉडबस संघटनेने त्याऐवजी क्लायंट आणि सर्व्हर हे शब्द स्वीकारले आहेत. दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिला गेला तर दोघेही एकाच वेळी उत्तर देतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही.

प्रत्यक्ष प्रश्न किती लहान असतो हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या पत्त्यावरील यंत्राला त्याच्या सुरुवातीच्या दोन नोंदी विचारावयाच्या असतील तर षोडशमान पद्धतीत ‘०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी’ असे आठ बाइट तारेवर जातात. पहिला पत्ता, दुसरा कामाचा संकेत, येथे ३ म्हणजे ‘साठविलेल्या नोंदी वाच’, पुढील दोन आरंभाची नोंद, त्यापुढील दोन नोंदींची संख्या. शेवटचे दोन बाइट आधीच्या सहांवरून गणिताने काढलेली तपासणी-खूण असते. उत्तर देणारे यंत्र तीच आकडेमोड करून पाहते आणि जुळली नाही तर गप्प राहते. उत्तर नऊ बाइटचे येते. अकरा बिटांचे एक अक्षर ९,६०० च्या वेगाने जाण्यास सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. प्रश्नाला नऊ, उत्तराला दहा आणि दोहोंमागील अनिवार्य शांततेला प्रत्येकी चार मिलिसेकंद धरले, यंत्राच्या विचाराचा वेळ मिळविला, तरी चाळीस-पन्नास मिलिसेकंदांत एक आकडा हाती येतो. ईएसपीचे तीन कप्पे, एक वीजमापक आणि एक धूलिमापक अशी पाच यंत्रे पाव सेकंदात विचारून होतात.

मात्र यांपैकी एक यंत्र मृत असेल तर हिशेब बदलतो. उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा एक सेकंद आणि एकूण प्रयत्न तीन ठेवले असतील तर त्या एका यंत्रापायी संपूर्ण फेरी तीन सेकंदांहून अधिक लांबते आणि उरलेल्या चार यंत्रांचे आकडेही शिळे होतात. प्रतीक्षेची मर्यादा हा पोर्टच्या मांडणीतील कंटाळवाणा वाटणारा रकाना आहे, पण इंटरलॉक किती सेकंदांत जागा होईल हे तोच ठरवितो.

चूक जी दिसत नाही

संवाद सुरू झाला म्हणजे काम संपले, असा समज तंत्रज्ञांमध्येही आढळतो. खरी काळजी त्यानंतर घ्यावयाची असते. मॉडबसची एक नोंद सोळा बिटांची असते. दशांश आकडा सहसा बत्तीस बिटांत मांडतात, म्हणजे त्याला शेजारच्या दोन नोंदी लागतात. त्यांपैकी वरचा भाग आधी पाठवायचा की खालचा, हे मॉडबसने ठरविलेलेच नाही. एक कंपनी एका क्रमाने पाठविते, दुसरी उलट्या.

उदाहरणार्थ, धूलिमापक नेमके १०० मिलिग्रॅम दाखवीत आहे असे समजा. प्रचलित दशांश पद्धतीत हा आकडा ‘४२सी८’ आणि ‘००००’ अशा दोन नोंदींत बसतो. पीएलसीने त्या उलट क्रमाने जोडल्या तर तयार होणारा आकडा इतका सूक्ष्म असतो की पडद्यावर तो शून्यच दिसतो. कायद्याची कमाल मर्यादा ओलांडण्याच्या बेतात असलेली चिमणी पडद्यावर पूर्ण स्वच्छ! आकडा १०४.३७ असेल तर उलट जोडणीत तो उणे ०.०५८९ असा दिसेल. उणे धूळ असू शकत नाही, म्हणून जाणता ऑपरेटर थबकेल. परंतु कार्यक्रमात कोणी ‘उणे आल्यास शून्य धरावे’ अशी ओळ घातलेली असेल तर तीही खूण पुसली जाईल. येथे तारेत दोष नाही, तपासणी-खूण जुळलेली आहे, संदेश अचूक पोहोचला आहे. चूक फक्त अर्थ लावण्यात आहे.

नोंदींच्या क्रमांकांचेही असेच आहे. पुस्तिकेत ‘४०००१’ असे छापलेले असते, तर तारेवर तीच नोंद शून्य या क्रमांकाने मागावी लागते. काही पीएलसी ही वजाबाकी स्वतः करतात, काही करीत नाहीत. एका घराची चूक झाली की दाबाच्या जागी प्रवाह वाचला जातो. दोन्ही आकडे ‘दिसायला’ योग्यच असतात. जुन्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या सदृश पद्धतीतही हा धोका होताच. १२ मिलिअँपिअर म्हणजे मर्यादेचा मध्य. पण मापकाची कक्षा ० ते ५०० असताना पीएलसीत ० ते २०० भरली असेल तर २५० चे १०० होतात. क्रमिक पद्धतीने कक्षेचा हा घोळ मिटविला आणि त्या जागी क्रमाचा घोळ आणला, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. उपाय साधा पण कष्टाचा आहे. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावरील आकडा आणि पीएलसीतील आकडा किमान तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर शेजारी ठेवून पाहावयाचा आणि तो लिहून ठेवावयाचा.

याहून गंभीर दोष शिळ्या आकड्याचा. तार तुटली, नियंत्रक बंद पडला किंवा उत्तर आले नाही, तर पीएलसीच्या स्मृतीत शेवटचा आलेला आकडा तसाच राहतो. ईएसपीचा दाब ४५ किलोव्होल्ट असताना तार निसटली तर पीएलसीच्या दृष्टीने तो दाब पुढे आठवडाभर ४५ च राहील. पट्टा चालू, भट्टी चालू, इंटरलॉक समाधानी. नियमातील ‘प्रत्यक्ष वेळेची माहिती’ या शब्दांचा अर्थ येथे उमगतो. आकडा असणे पुरेसे नाही, तो आत्ताचा आहे याचा पुरावाही हवा. त्यासाठी संदेश यशस्वी झाल्याची खूण दर वेळी तपासून एक घड्याळ शून्यावर आणतात. ते घड्याळ, समजा पाच सेकंदांच्या पुढे गेले तर आकडा ‘अविश्वसनीय’ ठरवून इंटरलॉकने ईएसपी बंद असल्याप्रमाणेच वागले पाहिजे. समोरच्या यंत्रात सतत वाढत जाणारी एखादी नोंद असेल तर ती वाचणे अधिक चांगले. कारण तार शाबूत असूनही आतील प्रोग्राम गोठलेला असू शकतो.

तार, गोंगाट आणि मनुष्यस्वभाव

वरील शिस्त कागदावर निर्विवाद वाटते. प्रत्यक्षात संवाद क्षणभर तुटला म्हणून माल थांबणे कारखान्याला परवडत नाही. माल अचानक थांबला की भट्टीतील तापमानाचा समतोल बिघडतो आणि आतील भिंतीवर पदार्थाचे कडे धरण्याची भीती असते. हे रात्रीतून तीनदा घडले तर चौथ्यांदा कोणीतरी इंटरलॉकलाच बगल देतो. एकदा दिलेली बगल सहसा काढली जात नाही. म्हणून तारांची जोडणी चांगली असणे हाही प्रदूषण नियंत्रणाचाच भाग समजला पाहिजे.

उर्ल्यासारख्या परिसरात विद्युत गोंगाट भरपूर असतो. इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिलच्या मोटारींचे ड्राइव्ह आणि खुद्द ईएसपीतील ठिणग्या, सर्व मिळून संदेशाच्या तारांवर परिणाम करतात. आरएस-४८५ मध्ये दोन तारांमधील फरक वाचला जातो. दोन्हींवर सारखाच गोंगाट आला तर फरक बदलत नाही, पण त्यासाठी तारांना पीळ हवा. तार एका यंत्रापासून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे अशी साखळीने न्यावी लागते. एका ठिकाणाहून चहूकडे फांद्या फोडल्यास संदेश परतून स्वतःवरच आदळतो. साखळीच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रोध जोडावा, बाहेरील जाळीचे आवरण एकाच टोकाला भूसंपर्कित करावे आणि ही तार वीजवाहक केबलच्या एकाच चरातून नेऊ नये, असे संकेत आहेत. दोन तारांना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात, पण कोणती कोणती याबाबत उत्पादकांत एकमत नाही. उत्तर येत नसेल तर त्या अदलाबदल करून पाहणे, हा अनुभवी फिटरचा पहिला उपाय असतो, आणि बऱ्याचदा तोच शेवटचाही ठरतो.

महत्त्वाच्या ठिकाणी दोन्ही मार्ग ठेवणे शहाणपणाचे. ईएसपीच्या स्विचची ‘चालू’ खूण स्वतंत्र तारेने थेट यावी आणि दाब, प्रवाह, विजेचा वापर क्रमिक मार्गाने यावेत. दोघांत विसंगती आली तर पीएलसीने ती नोंदवावी.

ऑनलाइन देखरेख आणि पीएलसीवरील अविश्वास

५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राज्य मंडळांना निर्देश देऊन अत्यंत प्रदूषणकारी अशा १७ प्रवर्गांतील उद्योगांना अखंड ऑनलाइन मापन यंत्रणा बसविण्यास सांगितले. त्यांत लोह-पोलाद, सिमेंट, औष्णिक वीज, साखर, आसवनी, कागद आदींचा समावेश होतो. चिमणीतील मापकाचा आकडा थेट केंद्रीय आणि राज्य मंडळाच्या सर्व्हरवर जावा ही त्यामागील कल्पना. छत्तीसगडमध्ये हे काम छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाच्या अखत्यारीत येते. मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत एक लक्षणीय मुद्दा आहे. एकापेक्षा अधिक चिमण्या असल्यास प्रत्येक चिमणीचा आकडा मधल्या संगणकाशिवाय किंवा पीएलसीशिवाय पाठविता आला पाहिजे, असे त्या सांगतात.

एकीकडे २००८ ची अट पीएलसीवर पहारेकऱ्याची जबाबदारी टाकते, तर दुसरीकडे ही सूचना त्याला साक्षीदार म्हणून नाकारते. यात विसंगती नाही. पीएलसीचा मूळ गुणच प्रोग्रॅम बदलता येणे हा आहे. आलेल्या आकड्याला दोनाने भागणारी एक ओळ घालण्यास काही मिनिटे पुरतात. मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, सही नाही. तारेवर प्रवेश मिळालेला कोणीही नोंद वाचू शकतो आणि लिहूही शकतो. त्यामुळे माल थांबविण्याचे काम पीएलसीने करावे, परंतु मंडळाला जाणारा आकडा त्याच्या हातून जाऊ नये, ही विभागणी योग्यच आहे. अर्थात मापकातून थेट निघालेला आकडाही मापकाच्या अंशांकनाइतकाच खरा असतो.

कायद्यातील स्थानही समजून घेतले पाहिजे. १९८१ च्या वायू कायद्याच्या कलम २६ मध्ये चिमणीतील नमुना कसा घ्यावा, कोणासमोर बंद करावा, प्रयोगशाळेकडे कसा पाठवावा याची पद्धत घालून दिली आहे आणि ती पाळली तरच तो नमुना पुराव्यात ग्राह्य धरला जातो. ऑनलाइन आकडा या चौकटीत सरळ बसत नाही. व्यवहारात तो इशारा म्हणून वापरला जातो आणि त्यावरून तपासणी किंवा निर्देश निघतात. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने वायू कायद्यातील अनेक कसुरींसाठीच्या तुरुंगवासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा आर्थिक दंड आणला. अखंड आकड्यांवर आधारलेला दुसरा प्रयोग सुरतेत झाला. तेथे २०१९ मध्ये धूलिकणांसाठी उत्सर्जन व्यापार योजना सुरू झाली. तिच्या अभ्यासात ३१७ कारखाने होते आणि बाजारात सहभागी झालेल्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. तेथे तर प्रत्येक किलो धुळीला किंमत होती. आकडा चुकला तर हिशेबही चुकणार. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या तारांकित मानांकनाचाही पाया चिमणीतील धुळीची मोजणी हाच होता.

तपासणी कशी करावी

ही सर्व व्यवस्था चालते की नाही हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. तपासणीला गेलेल्या अभियंत्याने प्रथम पीएलसीच्या पोर्टची मांडणी आणि प्रत्येक यंत्राचा पत्ता यांची छापील यादी मागावी. अशी यादी नसेल तर तेवढ्यावरूनही बरेच समजते. नंतर धूलिमापकाच्या पडद्यावरील आकडा आणि नियंत्रण कक्षातील आकडा दोन माणसांनी एकाच क्षणी वाचावा. मग प्रोग्रॅममध्ये इंटरलॉकला बगल देणारी खूण कोठे आहे, ती कोणाच्या अधिकाराने लावली जाते आणि तिची नोंद आपोआप होते की वहीत हाताने, हे विचारावे. शेवटी कारखान्याच्या जबाबदार अधिकाऱ्याला आधी सांगून, भट्टी सुस्थितीत असताना, ईएसपी नियंत्रकाकडून येणारी संदेशाची तार काढावी आणि मालाच्या पट्ट्याकडे पाहत सेकंद मोजावेत. पट्टा किती सेकंदांनी थांबला, की थांबलाच नाही, तो आकडा तारीख-वेळेसह नोंदवहीत लिहावा आणि तार पुन्हा जोडावी.